चिमाबाईच्या अंड्यांची नोटीस

गावरान अंडं म्हटलं की आमच्या लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. बाळंतिणीला गावरान, पैलवानाला गावरान, जावई आला तर गावरान. आता ही गावरान कोंबडी दिवसभर करते काय? उकिरडा उकरते. उकिरड्यात तिला मिळतं काय? अळ्या आणि किडे. हे भोसरीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा माहीत आहे. मग त्याच अळ्या एका बाईने कुंडीत वाढवल्या, धुतल्या, उकळत्या पाण्यातून काढल्या आणि आपल्या कोंबड्यांना घातल्या, तर ती एकदम घाण कशी झाली? हा प्रश्न मी भर बैठकीत विचारायला हवा होता. विचारला नाही. म्हणून आज चिडून लिहायला बसलोय, आणि त्यातली निम्मी चीड माझ्यावरच आहे.

मी साहेबराव, भोसरीचा. आमची जमीन एमआयडीसीत गेली आणि तिच्या शेजारी उभ्या राहिलेल्या एका कारखान्यात मी फिटर म्हणून लागलो. कारखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या प्रकरणात मालक-मॅनेजरचा दोष थोडा आहे, आम्हा कामगारांचाच जास्त आहे. आमची एक कॅन्टीन कमिटी होती, सात जणांची. भात कच्चा राहिला, आमटीत पाणी जास्त झालं, चहाचा कप लहान झाला, असल्या तक्रारींचा निवाडा आम्ही करायचो. मी त्या कमिटीवर निवडून आलो होतो आणि त्याचा मला फार अभिमान होता.

चिमाबाई बौद्धवस्तीतली. तिचा नवरा भिवा आमच्याच कारखान्यात भट्टीवर होता. छातीच्या दुखण्याने तो गेला आणि चिमाबाई ठेकेदारामार्फत कॅन्टीनमध्ये भांडी घासायला लागली. कस्तुरा नावाची एकच मुलगी. बाई उंच, काटक, बोलायला रोखठोक. गेटवर दिसली की “जय भीम, भाऊ” म्हणायची. मी “राम राम” म्हणायचो. तिला त्याचं कधी वाईट वाटलेलं दिसलं नाही. मला वाटायला हवं होतं, पण तेव्हा तेवढी अक्कल नव्हती.

भांडी घासताघासता तिने चार पांढऱ्या विलायती कोंबड्या पाळल्या. चाराच्या चाळीस झाल्या. त्या वेळी कॅन्टीनला पुण्याहून अंडी यायची. निम्मी फुटलेली, उरलेल्यांतली काही हलवली की आत पाणी वाजायचं. चिमाबाईची अंडी ताजी, जड, उकडून सोललं तर बलक घट्ट. बुधवार आणि शुक्रवार हे आमचे अंड्याचे वार. कमिटीने तिच्याकडून अंडी घ्यायचं ठरवलं आणि तिने भांडी घासणं सोडलं. ज्या कारखान्यात मागच्या दारातून ती खरकटी पातेली घेऊन जायची, त्याच कारखान्यात आता पुढच्या गेटने दोन टोपल्या घेऊन यायला लागली. रखवालदार तिच्यासाठी फाटक उघडायचा. तिच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. माणसांना जिथे रेशनचा लाल मिलो खावा लागला तिथे कोंबड्यांना कोण विचारतो? शेंगदाण्याची पेंड दिसेनाशी झाली, सुकट मिळेना. नुसत्या कोंड्यावर कोंबडी अंडं देत नाही, तिला अंगात काही दमदार जावं लागतं. चिमाबाईच्या कोंबड्या एकमेकींची पिसं उपटून खायला लागल्या. बुधवारची एक टोपली कमी झाली.

त्या दिवसांत तिच्या एक गोष्ट लक्षात आली. कॅन्टीनचं खरकटं ती आणायची आणि घरामागे फुटक्या रांजणात टाकायची. एके दिवशी त्या रांजणात एक कौल तिरपं, टोक बाहेर येईल असं पडलं होतं आणि सगळ्या कोंबड्या त्या कौलाच्या खाली गर्दी करून उभ्या होत्या. बघते तर रांजणातून जाड, तपकिरी अळ्या कौलावर चढत होत्या आणि टोकावरून टपटप खाली पडत होत्या. कोंबड्या त्यांच्यावर तुटून पडत होत्या. आठवड्याभरात पिसं उपटणं थांबलं. पंधरा दिवसांत टोपली पुन्हा भरली.

दुसरी एखादी असती तर नाक मुरडून रांजण उलटा केला असता. चिमाबाई त्याच्यासमोर बसून राहिली. कुठली माशी येते, कुठे अंडी घालते, अळी कधी भरते, कधी बाहेर पडते, सगळं तिने बघून ठेवलं. ही माशी घरातली नव्हे. लांबट, काळी, गांधीलमाशीसारखी दिसणारी, पण न चावणारी. ती घरात शिरत नाही, ताटावर बसत नाही. तिच्या अळ्यांनी रांजण भरला की घरमाशीला तिथे जागा उरत नाही. त्यामुळे वस्तीत सगळ्यांत कमी माश्या कुठे असतील तर चिमाबाईच्या दारात. हे मी स्वतः जाऊन पाहिलं आहे. एका रविवारी अंडी आणायला गेलो तेव्हा तिने मला सगळं हौसेने दाखवलं.

सिमेंटच्या तीन कुंड्या होत्या. प्रत्येकीत एक कौल तिरपं लावलेलं, कौलाच्या टोकाखाली घमेलं. अळ्या आपल्या पायांनी चालत घमेल्यात येऊन पडायच्या. पाय त्यांना नसतात, पण तुम्हाला कळलं मला काय म्हणायचंय ते. मग त्या धुवायच्या, उकळत्या पाण्यात बुडवायच्या, पत्र्यावर उन्हात वाळवायच्या आणि मक्याच्या भरड्यात, कोंड्यात मिसळायच्या. मूठभर अळ्या बाजूला राखेत ठेवायच्या, त्यांच्या पुन्हा माश्या होऊ द्यायच्या.

मी विचारलं, “चिमाबाई, कॅन्टीनचं उष्टं नेतेस, ते चालतं का गं तुम्हाला?” प्रश्न खोचक होता. उष्टं घ्यायचं नाही, मेलेलं ढोर ओढायचं नाही, असं ठरवून त्यांच्या वस्तीने सगळं सोडलं होतं, हे मला माहीत होतं.

ती हसली. “आमी न्हाई खात भाऊ. किडं खात्यात. त्येनला कुटं बाटायचं भ्या हाय?”

मीही हसलो. दोन डझन अंडी घेऊन घरी आलो, खाल्ली, चांगली लागली.

आता शहात्तर सालाची गोष्ट. आमच्या कमिटीतला मालोजी टर्नर असाच एकदा अंडी आणायला तिच्याकडे गेला. चिमाबाई घरी नव्हती. तो मागे डोकावला आणि कौलावर चालणाऱ्या अळ्या बघून उलट पावली पळाला. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू व्हायच्या आत ही बातमी सगळ्या खात्यांत पोचली होती. दुपारी कमिटीची बैठक बसली. सोपानराव स्टोअरकीपर आमचे सचिव. परीटघडीचा शर्ट, खिशाला दोन पेनं.

“राव, किडं हायेत किडं! वळवळत्यात!” मालोजी म्हणाला. “आन् आपण चार वर्सं त्येच खातोय!”

“आपण अंडी खातोय,” मी म्हणालो. एवढंच म्हणालो.

“साहेबराव, तुम्ही गावच्या पाटील घराण्यातले,” सोपानराव म्हणाले, “तुम्हाला घाण कशाला म्हणतात हे आम्ही सांगायचं का? आणि कोण कुठली, कशात हात घालणारी, हे काय आम्हाला माहीत नाही?”

बघा, कसा बोलला. एक शब्द असा नाही की ज्यावर बोट ठेवता येईल, आणि एकही शब्द असा नाही की ज्याचा अर्थ आम्हा सातांना कळला नाही. तिच्या लोकांकडून पिढ्यान्‌पिढ्या घाण उपसून घ्यायची, त्यांनी ती टाकून दिली की त्यांना माजलेत म्हणायचं, आणि त्यांतल्या एकीने स्वतःच्या डोक्याने काही उभं केलं की तिच्या कपाळावर पुन्हा तोच शब्द चिकटवायचा! कुणाला वाटेल यात सोपानरावांचा काही धंदा असेल, कुणा पाहुण्याची अंडी खपवायची असतील. तसलं काही नव्हतं. तसं असतं तर बरं झालं असतं. लबाडी समजते तरी. हा शुद्ध किळसेचा कारभार होता, आणि ती किळस अळ्यांची नव्हती.

ठरावाला हात वर करा म्हणाले. सहा हात वर गेले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कुंड्या पाहिल्या होत्या, घमेली पाहिली होती, उकळतं पाणी पाहिलं होतं. मी सातवा हात वर केला.

नोटीस टाइप झाली आणि गेटजवळच्या काचेच्या फळ्यात लागली. मला ती पाठ आहे. “श्रीमती चिमाबाई यांच्या कोंबड्या किडे व घाण यांवर पोसल्या जात असल्याचे निदर्शनास आल्याने त्यांची अंडी घेणे बंद करण्यात येत आहे. त्यांनी बाजारातील शुद्ध खाद्य सुरू केल्यास फेरविचार केला जाईल. कॅन्टीनमधील खरकटे नेण्यास त्यांना मनाई आहे. कमिटीच्या हुकमावरून.”

बुधवारी ती टोपल्या घेऊन आली तेव्हा रखवालदाराने फाटक उघडलं नाही, फळ्याकडे बोट दाखवलं. सोबत कस्तुरा होती, नववीत शिकणारी. मी कार्ड पंच करायच्या रांगेत उभा होतो. पोरगी मोठ्याने वाचायला लागली आणि “किडे व” म्हणून थांबली.

“वाच की,” चिमाबाई म्हणाली. “थांबू नगंस.”

कस्तुराने वाचलं. रांगेतले काही जण हसले. चिमाबाईने दोन्ही टोपल्या उचलल्या, वळली, आणि तिला मी दिसलो.

“भाऊ, तुमी तर बगितलं व्हतं समदं.”

“व्हय.”

“मग?”

मागून कुणीतरी म्हणालं, रांग पुढे सरकवा. मी कार्ड पंच केलं आणि आत गेलो.

ती मानी होती, पण चाळीस तोंडं दारात ओरडत होती. खरकटं बंद झाल्यावर कुंड्या वाळल्या. तिने पिंपरीच्या दुकानातून पोत्यातलं तयार खाद्य आणलं आणि कमिटीला तसं कळवलं. सोपानराव खूश झाले, तीन आठवड्यांनी अंडी पुन्हा सुरू झाली. नोटीस मात्र तशीच राहिली, कारण ठराव कायमचा होता म्हणे.

दोन बुधवार बरे गेले. तिसऱ्या बुधवारी अख्ख्या कॅन्टीनने अंडी ताटात तशीच टाकली. सोललं की वास. “आजून किडंच घालतीया बया!” मालोजी ओरडला. “किड्यांचाच वास हाय ह्यो!” सगळ्या पंगतीने मान डोलावली. चार वर्षं याच लोकांनी अळ्यांवरची अंडी मिटक्या मारत खाल्ली, तेव्हा एकाच्याही नाकाला काही लागलं नव्हतं. आता अळी पोटात गेलेली नाही, तर सगळ्यांना अळीचा वास यायला लागला! सोपानराव दुसऱ्या नोटिशीचा मसुदा करायला बसले.

त्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. सुट्टी झाल्याबरोबर सायकल काढून तिच्या घरी गेलो. कोंबड्या पाण्याच्या भांड्यावर माना टाकून उभ्या होत्या, पीत होत्या आणि पुन्हा पीत होत्या. खाली सगळी चिखलासारखी ओल. भिंतीशी पोत्याखाली काहीतरी झाकलेलं होतं.

“एकोनीस मेल्या,” चिमाबाई म्हणाली. “ह्या आठवड्यात.”

मी खाद्याच्या पोत्यात हात घातला. कुजकट मासळीचा भुगा, वाळू आणि मीठ. चिमूटभर जिभेवर ठेवलं तर तोंड खारट झालं. खारवलेली, वाया गेलेली मासळी कुणीतरी दळून पोत्यात भरली होती, वर छापील कोंबडीचं चित्र. हे आमचं शुद्ध खाद्य. मिठाने कोंबड्या मरत होत्या आणि मासळीचा वास अंड्यात उतरत होता.

“तू सांगितलं का नाहीस?” मी म्हणालो.

“कुनाला सांगू? फळ्याला?”

दुसऱ्या दिवशी मी ते पोतं सायकलला बांधून आणलं आणि कमिटीच्या टेबलावर, चहाच्या कपांमध्ये, अर्धं ओतलं. “वास घ्या,” म्हणालो. सोपानरावांनी रुमाल नाकाला लावला. मालोजीने मात्र वाकून वास घेतला आणि त्याचा चेहरा पडला.

“ह्ये तर बोंबलाचं हाय काहीतरी,” तो हळू आवाजात म्हणाला. “त्योच वास.”

“तिने तुमची नोटीस पाळली म्हणून तिच्या एकोणीस कोंबड्या मेल्या,” मी म्हणालो. “आता बोला.”

मग सोपानरावांनी घसा साफ केला. “बरं, मग तिला सांगा, पूर्वीचंच घाल म्हणावं. खरकटं मागच्या दाराने ने. फक्त वाच्यता नको.”

“आणि नोटीस?”

“राहू दे ती. काढली की लोक विचारतील, का काढली. कोण वाचतंय आता.”

हा निरोप घेऊन मी गेलो. गेलो, याची मला अजून लाज वाटते. चिमाबाई मेलेल्या कोंबड्यांची जागा चुन्याने पांढरी करत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

“मागच्या दारानं? गुपचूप?” ती म्हणाली. “म्या काय चोरी केली व्हय भाऊ? माजं नाव भाईर फळ्यावर आन् माजी अंडी मागनं आत? न्हाई जमायचं. दुसरी नोटीस लावा. तेवढीच मोटी, त्याच फळ्यात. ‘अंडी चांगली व्हती, आमी चुकलो,’ एवढंच लिवा. उद्याच्याला टोपल्या आनते.”

मी परत येऊन सांगितलं. सोपानराव खुर्चीतून अर्धे उठले. “कमिटीने माफी मागायची? तिची?” त्या ‘तिची’वर त्यांनी जो जोर दिला तो मला आजही ऐकू येतो. ठराव मांडला गेला नाही. मी एकट्याने हात वर केला, पण मोजायला कुणी नव्हतं. चिमाबाईची एकही टोपली पुन्हा त्या गेटमधून आत आली नाही.

ती बसून राहिली असेल असं समजू नका. भोसरीत खोल्या करून राहणारे कामगार शेकड्याने होते, त्यांच्या खानावळी होत्या. खानावळीचं खरकटं आणून तिने कुंड्या पुन्हा जित्या केल्या, उरलेल्या कोंबड्यांच्या पुन्हा साठ केल्या. संध्याकाळी तिच्या दारात अंडी घ्यायला कोण उभं असायचं सांगू? आमच्याच कारखान्यातले. सकाळी ज्या फळ्याखालून हसत आत जायचे, संध्याकाळी तिच्या हातची अंडी पिशवीतून घरी न्यायचे. मालोजीसुद्धा. तीही कुणाला नाही म्हणाली नाही. पण प्रत्येकाला विचारायची, “काय भाऊ, हाय का आजून?” आणि तो मान खाली घालून म्हणायचा, “हाय.”

पाच वर्षं ती नोटीस तिथे होती. थुंकू नये, टोकन दाखवावे, हात धुवावेत आणि चिमाबाई घाण आहे. मी रोज दोनदा त्या फळ्यासमोरून गेलो. काचेला कुलूप होतं आणि किल्ली सोपानरावांकडे, हे माझं निमित्त. लोखंड कापणाऱ्या माणसाला एक काच फोडता येत नव्हती!

एक्याऐंशी साली नवीन कॅन्टीन झालं. जुना फळा भंगारात निघाला. मी त्यातून ती पिवळी पडलेली नोटीस काढून घेतली आणि तिच्या घरी नेली. तोवर तिचे केस पांढरे झाले होते. कस्तुराला तळेगावला नोकरी लागली होती. मला वाटलं, कागद हातात दिला की बाईला बरं वाटेल, मलाही मोकळं वाटेल.

तिने कागद उलटसुलट केला. पाठीमागे काही आहे का, तेही पाहिलं.

“दुसरी कुटं हाय?” तिने विचारलं.

मी घरी आलो आणि पाठकोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं. “चिमाबाईंची अंडी चांगली होती. ती घाण नव्हती. आम्ही चुकलो. १९७६ च्या ठरावाला सातवा हात माझा होता. साहेबराव, फिटर.” सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन नवीन फळ्यावर टाचण्या मारून लावला. लोक थांबले, वाचलं, एकमेकांकडे बघितलं. चहाच्या सुट्टीत सोपानरावांनी तो फाडला. विनापरवानगी नोटीस लावल्याबद्दल मला मेमो मिळाला, तो मी जपून ठेवलाय.

संध्याकाळी चिमाबाईला जाऊन सांगितलं. ती कौलावरून घमेल्यात पडणाऱ्या अळ्या बघत बसली होती.

“किती येळ व्हती?” तिने विचारलं.

“चहाच्या सुट्टीपर्यंत.”

“आन् माजी?”

“पाच वर्षं,” मी म्हणालो.

तिने घमेलं उचललं आणि उठली. “मग आजून लय लावाय लागतील, भाऊ.”

लावतोय. ही त्यातलीच एक.